रिओ द जानेरो: तारखा नव्हे, ढग बघून आखायची सहल

रिओत पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी आम्ही ख्रिस्ताच्या पुतळ्यासमोर उभे होतो आणि ख्रिस्त काही दिसत नव्हता. चौथरा दिसत होता, त्याच्यावर नुसता पांढरा ढग. तिकिटं दोन महिने आधी ठाण्यात बसून काढलेली, त्यामुळे परत फिरायची सोय नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला? माथेरान काय वाईट होतं?" दोन दिवसांनी आभाळ लख्ख निवळलं. तेव्हा आम्ही आगाऊ तिकीट काढलेल्या एका वस्तुसंग्रहालयात होतो.

इतक्या लांब जायचं म्हणून आपण सहल तासातासाची आखतो, आणि रिओ हे नेमकं असं शहर आहे की जिथे ती आखणी पहिल्याच दिवशी कोलमडते. इथले डोंगर थेट समुद्रातून उभे राहतात. समुद्रावरची ओली हवा त्यांना आपटून वर चढते आणि माथ्यावर ढग साचतात. खाली किनाऱ्यावर ऊन असतं, वर सातशे मीटरवर धुकं. त्यात दक्षिणेकडून अधूनमधून थंड हवेची लाट येते आणि दोन-तीन दिवस मळभ ठेवून जाते. म्हणून या लेखात "पहिला दिवस, दुसरा दिवस" अशी यादी नाही. लख्ख दिवसाची कामं, मळभाच्या दिवसाची कामं, आणि निघण्याआधी घरी बसून उरकायची कामं अशी विभागणी आहे. त्यातलं शेवटचं आधी.

कधी जायचं

आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत. रिओ विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथले ऋतू उलटे. डिसेंबर ते मार्च उन्हाळा, पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि दुपारी धो धो पाऊस येतो. मे महिन्यात तोच पारा साधारण २० ते २७ अंशांत असतो, पाऊस कमी झालेला असतो, आणि ब्राझीलमधल्या शाळांना सुट्टी नसल्यामुळे गर्दीही बेताची. एकच तोटा, दिवस लहान असतो. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सूर्यास्ताचे बेत साडेतीनलाच सुरू करावे लागतात. जून ते ऑगस्ट हवा आणखी कोरडी असते. दिवाळीच्या सुट्टीत जाता येतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मळभाचे दिवस वाढतात. तेव्हा गेलात तर एक-दोन दिवस जास्त ठेवा.

कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो, तारीख ईस्टरवरून ठरते. त्याचं आकर्षण असेल तर सहल फक्त त्याचीच समजा. ऑस्कर नीमायर या वास्तुविशारदानं बांधलेल्या, १९८४ साली खुल्या झालेल्या साम्बाद्रोमोत रात्रभर मिरवणुका चालतात, दिवसा गल्लीगल्लीत नाच असतो, हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात. पुतळे, बागा, संग्रहालयं निवांत बघायची हे दिवस नव्हेत. ३१ डिसेंबरची रात्रही तशीच: लाखो माणसं पांढरे कपडे घालून कोपाकबानाच्या किनाऱ्यावर येतात आणि इमांजा या समुद्रदेवीला फुलं वाहतात. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात मोठं झालेल्याला त्यात परकं काही वाटणार नाही.

चार महिने आधी: व्हिसा, लस, विमान

भारतीय पासपोर्टवर ब्राझीलला पर्यटक व्हिसा लागतो. ब्राझीलचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्यांना दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. बँकेचे उतारे, परतीच्या तिकिटाचं आरक्षण, राहण्याचा पत्ता, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र ही नेहमीची कागदपत्रं तयार ठेवा. मुलं बरोबर असतील तर एक काळजी जास्त घ्यायची. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत ब्राझील काटेकोर आहे. आई-बाबांपैकी एकच जण नेणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. अटी आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून मित्रानं पाठवलेली यादी वापरू नका, दूतावासाच्या संकेतस्थळावरचीच वाचा.

पीतज्वराची लस हा विषय बरेच जण शेवटच्या आठवड्यात काढतात आणि मग धावपळ करतात. ही लस घ्यायची ती मुख्यतः परतीसाठी. पीतज्वर असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत ब्राझील आहे आणि तिथून येणाऱ्याला आपल्याकडे लसीचा दाखला दाखवावा लागतो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो आणि मग जन्मभर चालतो. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते आणि कधी कधी ती आठवड्यांनी मिळते. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठच्या पुढे असेल, किंवा गरोदरपण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. सासूबाईंचं हेच एक काम आमच्याकडे सगळ्यात लांबलं.

मुंबईहून रिओला थेट विमान नाही. दुबईमार्गे गेलात तर दुबई ते रिओ एकच उड्डाण, साधारण १४ तासांचं. दोहा किंवा अदिस अबाबामार्गे गेलात तर बहुधा साओ पावलोला उतरून पुढे तासाभराचं देशांतर्गत विमान धरावं लागतं. युरोपमार्गे तिकीट कधी स्वस्त दिसतं, पण काही देश नुसतं विमान बदलायलाही भारतीयांकडून व्हिसा मागतात. ते तपासल्याशिवाय पैसे भरू नका. कुठूनही गेलात तरी घर ते हॉटेल एक दिवसापेक्षा जास्त वेळ जातोच. वयस्कर माणसं असतील तर वाटेत एक मुक्काम करा.

रिओची वेळ आपल्या साडेआठ तास मागे आहे. पहिल्या दोन-तीन सकाळी पहाटे तीन-चारलाच टक्क जाग येते. त्याबद्दल कुरकुर करू नका, पुढे उपयोग होणार आहे.

राहायचं कुठे

शहराचा दक्षिण भाग, एवढंच लक्षात ठेवा. स्थानिक लोक त्याला 'झोना सूल' म्हणतात. कोपाकबानात सगळ्या दरांची हॉटेलं आहेत, मेट्रोची तीन स्थानकं आहेत, खाली उतरलं की फळांची दुकानं. घरं जुनी, थोडी विटलेली, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात सोयीचा भाग हाच. इपानेमा आणि लेब्लों जास्त नीटनेटके आणि त्याप्रमाणे महाग. बोताफोगोत किनारा पोहण्याजोगा नाही, पण दर कमी, मेट्रो दारात आणि समोर शुगरलोफचा डोंगर. सांता तेरेझा ही टेकडीवरची जुनी वस्ती फोटोत फार देखणी दिसते. सामान घेऊन चढ-उतार करायची तयारी असेल तरच घ्या. बार्रा दा तिजुकाचे दर बघून भुलू नका, ते फार लांब पडतं. मध्यवर्ती भाग, म्हणजे 'सेंत्रो', कचेऱ्या सुटल्या की ओस पडतो, तिथे मुक्काम नको.

पत्ता समजून घ्यायची एक स्थानिक पद्धत आहे. किनाऱ्यावर जीवरक्षकांची क्रमांक दिलेली ठाणी आहेत, त्यांना 'पोस्तु' म्हणतात. १ ते ६ हे लेमे आणि कोपाकबाना, ७ आर्पोआदोर, ८ ते १० इपानेमा, ११-१२ लेब्लों. कुणी "पोस्तु नऊला भेटू" म्हटलं की सगळं शहर कुठे ते समजतं. हॉटेल निवडताना पोस्तु ४ ते ६ च्या आसपास, मेट्रोपासून चालत पाच-सात मिनिटांवर बघा.

किती दिवस? पाच पूर्ण दिवस तरी हवेतच, सहा असतील तर उत्तम. तीन दिवसांत सगळं 'उरकता' येतं असं सहल कंपन्या सांगतात. ढगांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

लख्ख दिवसाची कामं

सकाळी उठल्यावर आधी डोंगराकडे बघायचं, फोनकडे मग. बोताफोगोतून, तलावाकाठून, दक्षिण भागातल्या कितीतरी चौकांतून कोर्कोव्हादोचा, म्हणजे ख्रिस्ताचा पुतळा असलेल्या डोंगराचा, माथा दिसतो. पुतळा स्वच्छ दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी वर जा. म्हणूनच गर्दीचा हंगाम नसेल तर तिकीट आदल्या संध्याकाळी, हवामान बघून काढावं. आम्ही आधी कळस मग पाया केला आणि दुसऱ्यांदा पैसे भरले.

वर जायला दोन सोयीचे मार्ग आहेत. कोस्मे व्हेल्यो इथून दातेरी रुळांवरची गाडी जाते. ही १८८४ पासूनची, म्हणजे पुतळ्यापेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांनी जुनी. पुतळ्याचं सामानही याच रेल्वेनं वर चढवलं गेलं. वीस मिनिटांचा प्रवास दाट जंगलातून होतो. जाताना उजव्या हाताची जागा धरा, झाडी विरळ झाली की खालचं शहर त्या बाजूला दिसतं. दुसरा मार्ग अधिकृत व्हॅनचा, लार्गो दो माशादो चौकातून किंवा कोपाकबानाहून. गाडीची तिकिटं संपली तर व्हॅन धरा, काही बिघडत नाही. रस्त्यात गाठून "स्वस्तात वर नेतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. पार्क लाजेतून वर जाणारी पायवाटही आहे, पण तिच्यावर लुटालुटीचे प्रकार होत आले आहेत. मी तरी सुचवणार नाही.

माथ्याजवळ सुमारे २२० पायऱ्या आहेत, पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी घाबरू नये. पुतळा ३० मीटर उंच, खाली ८ मीटरचा चौथरा, पसरलेल्या हातांचं अंतर २८ मीटर. १२ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याचं उद्घाटन झालं. आतून सगळं लोखंड-सिमेंट. वरून मऊ दगडाचे छोटे छोटे त्रिकोणी तुकडे लावले आहेत, जवळून बघितलं तर ते मोजता येतात. अभियंता ब्राझीलचा एतोर दा सिल्व्हा कोस्ता, शिल्पकार फ्रेंच पॉल लांदोव्स्की, आणि चेहरा घडवला तो रुमानियाच्या घेओर्घे लिओनिदानं.

फोटोचा एक पेच आहे. पुतळ्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळी त्याच्या चेहऱ्यावर ऊन असतं, पण खाडीकडे बघताना सूर्य तुमच्या डोळ्यांत येतो. दुपारनंतर शहर झळझळीत दिसतं आणि पुतळा काळा पडतो. दोन्ही एकदम मिळत नाही. मी सकाळच्या पहिल्या गाडीच्या बाजूची, कारण दहानंतर हात पसरून फोटो काढणाऱ्यांची एवढी दाटी होते की आपला हात दुसऱ्याच्या फोटोत जातो. पहाटे आपोआप येणारी ती जाग इथे उपयोगी पडते.

शुगरलोफची वेळ मात्र संध्याकाळ. पोर्तुगीजात त्याचं नाव 'पाउं जी आसूकार', साखरेचा पाव. यातला 'पाउं' तोच, जो गोव्यातून आपल्याकडे आला आणि वड्याला कवटाळून बसला. आणि 'आसूकार' हा अरबीतून पोर्तुगीजात गेलेला आपलाच 'शर्करा'. एका डोंगराच्या नावात एक शब्द त्यांनी आपल्याला दिलेला, एक आपण त्यांना. हे मी केबलकारच्या रांगेत सासूबाईंना सांगितलं, त्यानंतर त्यांचा रिओवरचा राग बराच निवळला.

केबलकार १९१२ पासून आहे. प्राया व्हेर्मेल्या चौकातून पहिला टप्पा उर्का टेकडीपर्यंत, साधारण २२० मीटरवर. तिथून दुसरा ३९६ मीटरच्या माथ्यावर. सूर्यास्ताच्या दोन तास आधी खालून निघा. मधल्या टेकडीवर अर्धा तास रेंगाळा, मग वर जा. सूर्य कोर्कोव्हादोच्या बाजूच्या डोंगरांमागे उतरतो, ख्रिस्ताची काळी आकृती उठून दिसते, आणि मग एकेक करत बोताफोगोच्या खाडीभोवती दिवे लागतात. अंधार पडेपर्यंत थांबा. सूर्य बुडताच खाली पळणाऱ्यांची जी रांग लागते तिच्यात अर्धा तास जातो आणि वरचा सगळ्यात सुंदर अर्धा तास चुकतो. तिकीट महाग आहे, सांगून ठेवते. खिशाला जड वाटलं तर पायथ्याची क्लाउदिओ कौतिन्यो पायवाट फुकट आहे, समुद्राला लगटून जाते आणि झाडांवर मुठीएवढी माकडं दिसतात. त्यांना खायला घालू नका.

लख्ख आकाश एकाच दिवशी मिळालं तर सकाळी ख्रिस्त, दुपारी जेवून विश्रांती, संध्याकाळी शुगरलोफ असं एका दिवसात बसतं. थकवा येतो, पण बसतं.

किनाऱ्यांना लख्ख दिवस लागतोच असं नाही, निम्मं ऊनही चालतं. कोपाकबाना चार किलोमीटरचा आहे, काळ्या-पांढऱ्या दगडी लाटांची फरसबंदी बुर्ले मार्क्स यांनी १९७० च्या सुमारास केली. रविवारी समुद्राकडचा रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा चालायला जा. खुर्ची आणि छत्री भाड्यानं मिळते. आधी भाव विचारा. पाण्यात उतरायच्या आधी झेंडा बघा. लाल झेंडा म्हणजे नाही, मग आजूबाजूला कितीही लोक पोहत असोत. इथल्या लाटा दिवेआगरच्या नव्हेत, पाय ओढून नेतात. टॉवेल कुणी आणत नाही, 'कांगा' नावाचं रंगीत पातळ कापड अंथरतात. आपली जुनी सुती ओढणी नेली तरी तेच. कपड्यांबद्दल एक सांगते: तिथे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. तुम्ही पंजाबी ड्रेसमध्ये बसलात तरी नाही, पोहण्याच्या कपड्यात फिरलात तरी नाही. तीच सभ्यता आपल्या बाजूनंही पाळावी. अनोळखी माणसांचे फोटो काढणं हा तिथे आगाऊपणाच आहे.

एक संध्याकाळ आर्पोआदोरच्या खडकासाठी ठेवा. सूर्य मावळला की बसलेली सगळी मंडळी टाळ्या वाजवतात. मला आधी हसू आलं, मग मीही वाजवल्या.

मळभाचा दिवस वाया जात नाही

ढगाळ दिवस सोमवार ते शुक्रवारमधला असेल तर सरळ सेंत्रोत जा. रविवारी मात्र हा भाग टाळा, दुकानं बंद असतात आणि रस्ते सुनसान. मेट्रोनं कारिओका स्थानकावर उतरा. तिथून रेआल गाबिनेत पोर्तुगेज दे लेइतुरा हे ग्रंथालय चालत दहा मिनिटांवर आहे. संस्था १८३७ ची, इमारत १८८७ ची. तीन मजले उंच कोरीव लाकडी कपाटं आणि वर रंगीत काचेचं छत. मला रिओतलं सगळ्यात आवडलेलं ठिकाण हे, आणि प्रवेश फुकट. जवळच १८९४ सालची कॉन्फेइतारिया कोलोंबो ही मिठाईची पेढी; बेल्जियमहून आणलेल्या प्रचंड आरशांखाली बसून कॉफी घ्या, गोड एकच मागवा, दर आरशांचेही लावलेले आहेत.

पुढे प्रासा किंझे चौकात पासो इंपेरिआल हा जुना राजवाडा आहे. नेपोलियनच्या भीतीनं पोर्तुगालचा राजदरबार १८०८ साली रिओला आला तो १८२१ पर्यंत इथेच होता. म्हणजे त्या तेरा वर्षांत गोव्यावर राज्य करणाऱ्यांची राजधानी लिस्बन नव्हती, हे शहर होतं. गोवेकर वाचकांनी तिथे जरा वेळ थांबावं.

तिथून ट्रामनं बंदराच्या बाजूला जा. वास्तुविशारद सांतियागो कालात्राव्हा यांनी बांधलेलं उद्याचं संग्रहालय, म्हणजे मुझेउ दो आमान्या, २०१५ च्या डिसेंबरात उघडलं. इमारत बाहेरून थक्क करते, आतलं प्रदर्शन मला जरा उपदेशपर वाटलं; मुलांना मात्र आवडतं. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी आहे ते आधी बघा. थोडं पुढे व्हालोंगोचा धक्का आहे. पाहायला फार काही नाही: खड्ड्यातली दगडी फरसबंदी आणि माहितीचे फलक. पण १८११ पासून आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं याच दगडांवर उतरवली जात. अंदाज नऊ लाखांच्या आसपासचा आहे. २०११ साली खोदकामात हा धक्का पुन्हा सापडला आणि २०१७ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. नंतर समोरच्या गोदामांवर एदुआर्दो कोब्रा यांनी रंगवलेलं पाच खंडांतल्या पाच चेहऱ्यांचं अवाढव्य भित्तिचित्र बघताना ते दगड डोक्यातून जात नाहीत.

दिवस उरला तर लापाच्या कमानी आणि सेलारोनच्या पायऱ्या. मूळचा चिलीचा चित्रकार होर्हे सेलारोन यानं १९९० पासून घरासमोरच्या २१५ पायऱ्यांवर फरशा लावायला सुरुवात केली. साठाहून जास्त देशांतल्या फरशा तिथे आहेत. सकाळी लवकर गेलात तरच पायऱ्या दिसतात, नंतर माणसंच. कारिओकाजवळून सुटणारी पिवळी ट्राम लापाच्या जुन्या जलवाहिनीच्या कमानींवरून सांता तेरेझाला जाते, ती दिवसाउजेडी करा.

अर्धवट ढग असतील तर वनस्पती उद्यान. १८०८ साली दरबाराबरोबर आलेल्या युवराजानं आल्या आल्याच ते सुरू केलं. ताडांची ती प्रसिद्ध रांग बघाच, पण तिजुकाच्या जंगलात गेलात तर आपल्या ओळखीचं झाड भेटेल: फणस. पोर्तुगीजांनी आपल्या बाजूनं नेलेला हा फणस तिथे इतका माजला की स्थानिक झाडांना तो आता उपद्रवी ठरला आहे. ते जंगलही मूळचं नव्हे. कॉफीच्या मळ्यांनी डोंगर उघडे पडले, शहराचं पाणी आटायला लागलं, म्हणून १८६१ पासून सम्राटाच्या हुकमानं ते पुन्हा लावलं गेलं. दीडशे वर्षांत काय होऊ शकतं ते बघायला सह्याद्रीतल्या माणसानं तरी तिथे जावं.

फुटबॉलवेड्यांनी माराकानाचं मैदान सोडू नये. १९५० च्या विश्वचषकात सुमारे दोन लाख माणसांसमोर ब्राझील इथे उरुग्वेकडून हरला, त्याची जखम अजून बोलण्यात येते. सामना मिळाला तर अधिकृत तिकीट काढून, मेट्रोनं, कुठल्याच संघाचे रंग न घालता जा. रिओतल्या चार मोठ्या संघांपैकी एकाचं नाव वास्को दा गामा आहे. वास्को भारतात पोचला त्याला चारशे वर्षं झाली म्हणून १८९८ साली ते नाव ठेवलं.

जास्तीचा दिवस असेल तर प्रासा किंझेहून वीस मिनिटांची बोट धरून नितेरॉयला जा. तिथे नीमायर यांचं १९९६ सालचं तबकडीसारखं कलासंग्रहालय आहे. आतली चित्रं बघितली नाहीत तरी चालेल, पलीकडून रिओ बघा.

फिरणं आणि खाणं

मेट्रो स्वच्छ आहे आणि थेट बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी बायकांचा स्वतंत्र डबा असतो, मुंबईकरणीला घरी आल्यासारखं वाटतं. रात्री मात्र ॲपवरून टॅक्सीच. तिथलं 'पिक्स' म्हणजे आपलं यूपीआय, पण त्याला स्थानिक कर क्रमांक असलेलं खातं लागतं, तेव्हा ते विसरा. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेली दोन कार्डं, थोडे डॉलर आणि थोडे सुटे रिआल पुरतात. किनाऱ्यावरचा शहाळंवालासुद्धा कार्ड घेतो. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लिहिलेलं असतं, वेगळी बक्षिसी द्यायची गरज नाही. वीज १२७ व्होल्ट, आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. दोन बारीक पिनांची बसते.

शाकाहाऱ्यांची गाडी अडते ती भाषेत. 'सें कार्नी', म्हणजे मांसाशिवाय, असं म्हटलं की वेटरच्या मनात फक्त बीफ येतं. कोंबडी, मासे, हॅम त्यात धरत नाहीत. म्हणून एकेकाचं नाव घ्यायचं: सें कार्नी, सें फ्रांगु, सें पेइशी, सें प्रेझुंतु. राजम्यासारख्या काळ्या घेवड्यात डुकराचं मांस शिजवलेलं असणं नेहमीचं, 'फारोफा' या भाजलेल्या पिठातही. विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका.

सगळ्यात उपयोगी पडतात ती 'पोर किलो' जेवणघरं. ताट घ्या, हवं ते वाढून घ्या, वजन करून पैसे द्या. भात, पालेभाज्या, बीट, ताडाचा कोवळा गाभा, तळलेली केळी, चीज, सगळं समोर दिसतं, बोलायची गरज नाही. आम्ही दुपारचं जेवण रोज असंच घेतलं.

रस्त्यावरचा खरा आधार म्हणजे तापिओका. तापलेल्या तव्यावर कसाव्याचं ओलसर पीठ चाळतात, त्याचं आपोआप धिरडं होतं, आत चीज किंवा खोबरं. आपला साबुदाणा याच कंदाचा आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. एकादशी होती त्या दिवशी सासूबाईंनी खोबरं घातलेली दोन खाल्ली आणि उपास मोडला की नाही यावर नवऱ्याशी वाद घातला. पाउं दे केइजू हे चीजचे गरम गोळेही त्याच पिठाचे, पण त्यात अंडं असतं. आठवडी बाजारात चीज भरलेली 'पास्तेल' आणि उसाचा रस मिळतो. जोडी आपल्याकडे का सुचली नाही कोण जाणे.

रसाच्या दुकानात 'काजू' मागा. बी नव्हे, बोंडाचा रस येईल. कोकण-गोव्यातलं हे झाड मूळचं इथलंच, नावासकट तिकडे गेलं. पेरू मात्र मागू नका. पोर्तुगीजात पेरू म्हणजे टर्की कोंबडा. आपल्या पेरूला 'गोयाबा' म्हणायचं.

अंगावर काय घालायचं नाही

सोनं. मंगळसूत्र, साखळी, पाटल्या, सगळं घरी. हवंच असेल तर काळ्या मण्यांची साधी पोत घाला. रिओत पर्यटकांवर येणारा प्रसंग बहुतेक वेळा एकाच प्रकारचा असतो: हातातला फोन किंवा गळ्यातलं काही हिसकावून पळणं. रस्त्यावर नकाशा बघायचा तर दुकानात शिरून बघा. किनाऱ्यावर पारपत्र नेऊ नका, प्रत पुरे. अंधार पडल्यावर वाळूवर जाऊ नका, पदपथावरच राहा. कुणी अडवलंच तर देऊन टाका, वाद घालू नका. पोलिसांचा क्रमांक १९०, रुग्णवाहिकेचा १९२. पर्यटकांसाठी खास पोलीस ठाणं लेब्लोंमध्ये आहे, विम्यासाठी तक्रारीची प्रत तिथून घेता येते. गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवू नका. नकाशा जवळचा रस्ता म्हणून वस्त्यांमधून नेतो.

डोंगरउतारावरच्या या वस्त्यांना 'फावेला' म्हणतात आणि शहराची सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी माणसं तिथे राहतात. तिथल्या सहलीही विकल्या जातात. तिथलाच रहिवासी वाटाड्या असेल आणि हॉटेलातल्या माणसानं त्या आठवड्यात ठीक आहे असं सांगितलं तर जा. उघड्या जीपमधून माणसांचे फोटो काढत हिंडायचं असेल तर नको.

सामानात छत्री, टोपी, डास पळवणारं मलम आणि एक पातळ स्वेटर असू द्या. डेंग्यू तिथेही आहे आणि शुगरलोफवर संध्याकाळी वारा बोचतो. परतीच्या दिवशी गालेआउं विमानतळासाठी चार तास आधी निघा, वाटेतला महामार्ग कधी तुंबेल सांगता येत नाही. आणि लसीचं ते पिवळं पुस्तक मोठ्या बॅगेत टाकू नका. पारपत्राच्या आतच ठेवा. मुंबईला उतरल्यावर तपासणीचं टेबल सामानाच्या पट्ट्याच्या आधी येतं, आणि आमच्या रांगेतल्या एका काकांचं पुस्तक तेव्हा पट्ट्यावर गोल गोल फिरत होतं.